लवचिक नोकरी आणि सुरक्षित कामगार

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत एकाच यंत्राशी दोन कामगार उभे दिसतात. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. काम सारखेच, पण उद्याची शाश्वती फक्त पहिल्याला! माझे मामा बदलापूरला अकरा वर्षे पॅकिंग खात्यात आहेत. एवढ्या काळात ठेकेदार तीनदा बदलला आणि दर वेळी मामांची सेवा पहिल्या दिवसापासून मोजली गेली. ग्रॅच्युइटीला सामान्यतः लागणारी पाच वर्षांची सलग सेवा त्यांच्या नावावर कधी साठलीच नाही.

मालकांचेही म्हणणे आहे. मागणी घटली तर माणसे कमी करता आली पाहिजेत, असे ते म्हणतात. १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी आवश्यक झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली. म्हणजे मालकाला मोकळीक मिळाली. मग कामगाराचे काय?

डेन्मार्कमध्ये कामगार कमी करणे तुलनेने सोपे आहे. परंतु बेकारी विमा घेतलेल्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो, शिवाय नवे काम शिकण्याची सोय होते. युरोपीय संघाने २००७ साली याच विचाराची समान तत्त्वे स्वीकारली. आपल्याकडे कामगार विमा योजनेतील बेकारी भत्ता २०२० साली वाढवला गेला, तो सरासरी मजुरीच्या निम्मा आणि फार तर ९० दिवस.

तरीही हा विचार आपल्याला परका नाही. हमालाचा मालक रोज बदलतो, हे ओळखून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळ होती. नोंदणीकृत मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. मंडळाने त्यातून मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर गेला तरी त्याचे खाते एकच राहते.

मला वाटते, ठेकेदारी कामगाराच्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. त्याची सेवा ठेकेदाराच्या वहीत न राहता त्याच्या स्वतःच्या नावावर मोजली जावी आणि त्याचा भार त्याच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने उचलावा. लवचिकता हवी असेल तर तिची किंमत एकट्या कामगाराने का मोजावी?