गोधडीत ऊब येते कुठून?

खरं सांगा, पौषातल्या पहाटे गोधडीतून बाहेर यायला कुणाला आवडतं? नांदूरघाटच्या पोरांना तर मुळीच नाही. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातलं हे गाव. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, आणि थंडीत दहा-बारा अंशांवर येऊन बसतो. समुद्र कुठल्या कुठं, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. ढग असते तर जमिनीतून निघालेली उष्णता त्यांनी थोडीतरी माघारी पाठवली असती. ढग नाहीत, म्हणून ती सरळ वर निघून जाते आणि पहाटेपर्यंत अंगण गारठतं.

मग आजी म्हणते, "वाकळ घे रं अंगावर, ऊब येईल." आता गंमत बघा. दिवसभर घडी घालून ठेवलेल्या वाकळीत, म्हणजे गोधडीतच, थर्मामीटर ठेवा. तो खोलीचंच तापमान दाखवेल, एक अंशसुद्धा जास्त नाही. म्हणजे ऊब वाकळीत नव्हतीच!

मग ती होती कुठं? तुमच्यात. आपलं शरीर आतून साधारण ३७ अंशांवर असतं. खाल्लेली भाकरी शरीरात हळूहळू वापरली जाते, त्यातून उष्णता तयार होते. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून साधारण सत्तर-ऐंशी वॉट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे जुन्या काळच्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडी जास्तच! उष्णता नेहमी गरम जागेकडून थंड जागेकडे जाते. ती अडवायची, एवढंच गोधडीचं काम.

आणि तेही ती एकटी करत नाही. खरी करामत हवेची. उष्णता पुढं पोचवण्यात हवा पक्की आळशी. पाणी हेच काम तिच्यापेक्षा वीस-पंचवीस पट झपाट्यानं करतं. पण हवा मोकळी सुटली की वाऱ्याबरोबर आपली ऊब घेऊन पळते. तिला एका जागी बसवायचं कसं?

आजीला विचारा. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे ती एकावर एक अंथरते आणि हातानं धावदोरा घालत जाते, ओळीमागून ओळ. टाक्यांमुळं थर सरकत नाहीत, आणि दोन थरांच्या मध्ये, धाग्याधाग्यांत, हवा कोंडली जाते. तिला हलायलाच जागा नाही. थर जितके जास्त, तितकी अडकलेली हवा जास्त. कितीही भारी असली तरी एका थराची पातळ चादर इथं हरते. माझं मत विचाराल तर हरू दे!

आता कळलं, आजी गोधड्या उन्हात का टाकते? ओलसर गोधडीत हवेच्या जागी पाणी शिरलेलं असतं, आणि पाणी आपली उष्णता भराभर पळवतं. ऊन लागलं की ओल जाते, दबलेले थर जरा फुलतात, हवा परत आत येऊन बसते.

धनगरांची घोंगडी टोचते खरी, पण तिची तऱ्हा निराळी. मेंढीची लोकर कुरळी असते, म्हणून हवा तिच्यात आपोआप अडकते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पिऊनही ती ओली वाटत नाही. पावसात मेंढपाळ तिची खोळ करून डोक्यावरून घेतात ते उगाच नाही.

चिमणी थंडीत पिसं फुलवून गोल होते, तीही हवाच साठवते. आपल्या अंगावर काटा येतो तो याच कारणानं. केस उभे राहतात, पण आपले केस इतके विरळ की उपयोग शून्य!

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, अनेकदा पोराबाळांसकट. कारखान्याजवळ, नाहीतर फडाच्या कडेला, कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते आणि कुडाच्या फटींतून वारा आत येतो. ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीवर भांड्यांबरोबर गोधड्यांचं गाठोडं असतंच. तिथं गोधडी ही हौस नसते, रात्रीची गरज असते.

आता तुमची पाळी. बर्फाचे दोन सारखे खडे दोन वाट्यांत ठेवा. एक वाटी उघडी, दुसरी गोधडीत नीट गुंडाळलेली. गोधडीतला बर्फ लवकर वितळेल की उशिरा? आधी घरातल्या प्रत्येकाकडून उत्तर लिहून घ्या, मगच गोधडी उघडा. आणि कोण चुकलं ते आम्हाला नक्की कळवा.