ड्रॉपडाउनमधली शिळी यादी : जँगोच्या दोन दशकांचा मागोवा

डेटाबेसमध्ये नवी नोंद टाकली, पण फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये ती येत नाही. सर्व्हर रीस्टार्ट केला की लगेच येते. जँगोवर काम करणाऱ्यांच्या पिढ्यांनी ही तक्रार केली आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी पायथन भाषेतलं हे वेब फ्रेमवर्क घडवलं आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हापासून आजवर या दुखण्याचं मूळ एकच राहिलं आहे : यादी कोणत्या क्षणी वाचली जाते, याकडे दुर्लक्ष.

२००८ च्या १.० आवृत्तीपर्यंत फॉर्म क्लासच्या रूपात लिहिण्याची आजची पद्धत रुळली होती. चॉइसफील्डच्या पर्यायांत डेटाबेसमधून आणलेली यादी तिथेच भरणं सोपं वाटे. पण पायथन क्लासमधल्या ओळी फाइल लोड होताना एकदाच चालवतो. पुढे प्रत्येक फॉर्मला मिळते ती त्याच यादीची नक्कल. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या यादीचं उदाहरण घ्या : १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. आदल्या दिवशी सुरू झालेली अशी प्रोसेस पालघरची नोंद टाकल्यावरही ३५ च जिल्हे दाखवत राहिली असती.

निदान अवघड व्हायचं ते लक्षणांमुळे. विकासकाच्या मशीनवर कोड सेव्ह केला की सर्व्हर आपोआप नव्याने सुरू होतो, म्हणून दोष तिथे लपतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर अनेक वर्कर असतात आणि ते वेगवेगळ्या वेळी सुरू झालेले असले, तर एकाच पानावर कधी नवी यादी येते, कधी जुनी. मग संशय ब्राउझरवर आणि कॅशवर जातो. फॉर्मची तपासणीही त्याच यादीवरून होत असल्याने अगदी योग्य पर्यायही अवैध ठरून परत येतो. रिकाम्या डेटाबेसवर तर मायग्रेशनच अडतं : त्याआधीच्या तपासणीत यूआरएलमागून फॉर्म लोड होतात आणि अजून न बनलेल्या टेबलाला क्वेरी जाते.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. सुरुवातीपासून हाताशी होतं ते मॉडेलचॉइसफील्ड. त्याला क्वेरीसेट दिला की यादी प्रत्येक फॉर्मसाठी ताजी वाचली जाते. दुसरा मार्ग म्हणजे फॉर्मच्या इनिट मेथडमध्ये पर्याय भरणं. एप्रिल २०१५ च्या १.८ आवृत्तीने चॉइसफील्डला थेट फंक्शन देण्याची सोय केली. मात्र फंक्शनचं फक्त नाव द्यायचं. पुढे कंस लावला, तर ते तिथल्या तिथे चालतं आणि यादी पुन्हा गोठते. डिसेंबर २०२३ च्या ५.० मध्ये हीच सोय मॉडेलच्या फील्डलाही मिळाली. अ‍ॅप्स लोड होत असताना क्वेरी गेली, तर इशाराही येऊ लागला. पण फॉर्मची फाइल बहुधा त्यानंतर लोड होते, त्यामुळे हा इशारा प्रत्येक वेळी वाचवेलच असं नाही.

क्वेरीसेट वापरूनही एक खड्डा उरतो. क्लासमध्येच ‘आजपासून पुढचे कार्यक्रम’ असं गाळण लावलं, तर क्वेरी दर वेळी नवी जाते, पण तिच्यातली ‘आज’ची तारीख सर्व्हर सुरू झाला त्या दिवसाचीच राहते. असं गाळण इनिटमध्येच लावायला हवं.

दोन दशकांत फ्रेमवर्क खूप सुधारलं, तरी कोणती ओळ कधी चालते हे ठरवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच आहे. ज्याचा पर्याय यादीत येत नाही, त्या माणसाचा अर्ज तिथेच अडतो. म्हणून हा दोष किरकोळ मानू नये. आपल्या प्रकल्पात एक चाचणी जरूर लिहा : फॉर्म बनवा, नोंद वाढवा, फॉर्म पुन्हा बनवा आणि नवा पर्याय त्यात आला का ते पाहा.