‘आय स्कूल गो’ ही चूक कुठून येते?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. सावित्रीबाईंनी तर १८५४च्या ‘काव्यफुले’तच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. तरी वस्तीतली अनेक मुलं या विषयाला घाबरतात. आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगी ‘आय स्कूल गो’ म्हणाली, सगळे हसले. आठवडाभर ती बोललीच नाही. खरं तर तिने मराठीचा नियम चोख पाळला होता; क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं, एवढंच. आता आमचे इंग्रजीचे सर अशी चूक फळ्यावर लिहितात, शेजारी मराठी वाक्य मांडतात आणि शब्दांच्या जागा मुलांनाच बदलायला लावतात. ती मुलगीही फळ्याकडे जाते. वेळ मात्र जास्त लागतो. धडा कधी संपणार, असं पालक आम्हाला विचारतात.