बाळाच्या दुधाला कोणतं पातेलं?

सध्या तांब्या-पितळेची भांडी पुन्हा भाव खाऊ लागली आहेत. ‘जर्मनची भांडी फेका, पितळ वापरा, आजार पळतील,’ असे निरोप मोबाईलवर रोज फिरतात. पैसे घालवण्याआधी प्रत्येक धातूचा स्वभाव समजून घेऊया.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. कासं म्हणजे तांबं आणि कथील. आपण ज्याला जर्मन म्हणतो ते ॲल्युमिनियम. हिंडालियम हाही त्याचाच प्रकार. त्यात मॅग्नेशियमसारखे धातू मिसळून ते कडक केलेलं असतं.

तेवढ्याच आकाराचा पितळेचा तुकडा ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड भरतो. उष्णता पसरवण्यात शुद्ध तांबं सगळ्यांत पुढे, त्यानंतर ॲल्युमिनियम, आणि पितळ त्याच्याही मागे. म्हणजे गॅस वाचवायला पितळच हवं, असं काही नाही.

खरा फरक कळतो तो आंबट पदार्थ घातल्यावर. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक यांनी पितळेतलं तांबं सुटतं आणि अन्न कळकतं. ते खाल्लं की मळमळ, उलटी, पोटात कळ. म्हणून तर जुन्या बाया पितळेला आतून कथलाची कलई करून घेत. ही कलई 232 अंशांवर वितळते. त्यामुळे कलईचं भांडं रिकामं तापवू नये. आतून पिवळं दिसू लागलं की कलई गेली असं समजावं.

दूध आंबट नसतं, तरी तेही पितळेतलं तांबं ओढून घेतं. याची किंमत आपल्या महाराष्ट्रातल्या लेकरांनी मोजली आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं कडक व्हायचं, आणि बहुतेक मुलं दगावायची. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना केली. आजारी मुलांना अगदी तान्हेपणापासून पितळेच्या भांड्यात तापवलेलं वरचं दूध दिलं गेल्याचं जास्त आढळलं. त्यांच्या लिव्हरमध्ये तांबंही खूप साचलेलं असे. पितळेच्या भांड्यांत दूध तापवणं कमी होत गेलं आणि हा आजार आता क्वचितच दिसतो.

मग जर्मन निर्धोक का? ॲल्युमिनियमवर एक पातळ, घट्ट थर असतो, तोच त्याला सांभाळतो. आंबट, खारट पदार्थ आणि धुण्याचा सोडा हा थर खातात. निरोगी माणसाच्या पोटात गेलेलं थोडं ॲल्युमिनियम बहुतेक बाहेर पडतं. पण ज्यांचं मूत्रपिंड निकामी झालं आहे, त्यांच्या अंगात ते साचून हाडांना आणि मेंदूला इजा करू शकतं.

त्याहून मोठा धोका शिशाचा. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त भांड्यांत शिसं असू शकतं आणि ते अन्नात उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये भारतातून गेलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांबाबत हाच इशारा दिला. शिसं डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते, आणि थोडंसं शिसंसुद्धा त्यांना चालत नाही.

घरात एवढं पाळा:

• बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं दूध द्यावंच लागलं तर ते स्टीलमध्ये तापवा आणि स्टीलमध्येच ठेवा.
• आमटी, सार, कढी, लोणचं यांना पितळ नको, जर्मनही नको. स्टील किंवा मातीचं भांडं वापरा.
• तांब्याच्या लोट्यात साधं पाणीच ठेवा. लिंबू, ताक, सरबत नको. अशुद्ध पाणी मात्र उकळूनच प्या.
• वजनावर मिळणारी, खडबडीत, बिनशिक्क्याची ओतीव भांडी घेऊ नका. कुकर आयएसआय शिक्क्याचाच घ्या.
• खड्डे पडलेलं जर्मनचं भांडं भंगारात द्या.

एकदम सगळी भांडी बदलायला कोणाकडे पैसे आहेत? घरात लहान मूल असेल तर आधी दुधाचं पातेलं बदला. बाकीचं सवडीने.