एका जागेवर दोघं

२०१० सालच्या जुलैपासून ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडने आपला नवा अल्बम श्रोत्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर येई आणि ज्याला हवं तो ते उतरवून घेई. अल्बमचं नाव होतं ‘१६/३३०, खजूर रोड’. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात बँडच्या तालमी वर्षानुवर्षं चालल्या, त्याचा हा पत्ता. या गाण्यांत आवाज ऐकू येत होता असीम चक्रवर्तीचा आणि तबलाही त्याचाच होता. असीम मात्र २५ डिसेंबर २००९ रोजी गेला होता. घरात बसून लोक असीमला ऐकत होते आणि त्याच महिन्यांत बँडच्या कार्यक्रमांना गेलं, तर त्याच्या जागी दुसरीच माणसं गाताना-वाजवताना दिसत होती. बँडमध्ये नव्याने येणाऱ्यासाठी याहून अवघड वेळ शोधून सापडणार नाही.

ही नवी माणसं दोन होती. गायला हिमांशू जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. एक माणूस गेला आणि त्याच्या जागी दोघं आले, ही या बँडच्या गोष्टीतली सर्वांत बोलकी बाब आहे.

ते असं का झालं हे कळायला असीम नेमकं काय करायचा ते जवळून पाहावं लागतं. तो मांडी घालून बसून तबला वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ज्यांनी तबल्यावर कधी हात ठेवलाय त्यांना यातली ओढाताण लगेच उमगेल. ठेका धरलेल्या हातांना आवर्तन मोजून सम गाठायची असते. गळ्याला मात्र तीच सम कधी टाळून, कधी थोडी उशिरा घेऊन ओळ पुढे न्यायची असते. एकच श्वास दोघांना पुरवायचा. त्यात शेजारी पूर्ण ड्रम सेट, बास गिटार आणि स्पीकर. तबल्याचा नाद मुळात नाजूक. मैफिलीत तो तानपुऱ्याच्या सोबतीने खुलतो, पण झांजांच्या एका फटक्याखाली पार बुडून जाऊ शकतो. म्हणून तबल्यापुढे माइक, डग्ग्यापुढे माइक आणि तोंडाशी तिसरा. हा तिसरा माइक आवाजाबरोबर तबलाही थोडा उचलणार, हे गृहीतच धरायचं. असीमने वर्षानुवर्षं हे सगळं एकट्याने सांभाळलं. बँडची गाणी त्याच्या या सवयीभोवतीच बांधली गेली होती. कुठे थांबायचं, कुठे लय चढवायची याचा निर्णय गाणारा आणि ठेका धरणारा एकच असल्यामुळे आपोआप होऊन जायचा.

असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

बँडची सुरुवातही असीमपासूनच होते. गिटारवादक सुस्मित सेनशी त्याची ओळख १९८४ची. दोघांनी मिळून काही वर्षं वाजवलं आणि १९९०च्या सुमारास त्याला बँडचं रूप आलं. ‘इंडियन ओशन’ हे नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. गिटार आणि तबला हा या बँडचा पाया आणि तो शेवटपर्यंत ऐकू येत राहिला. बाकीचं सगळं नंतर येणाऱ्यांनी आणलं. एका अर्थाने ‘इंडियन ओशन’चा इतिहास हा नवा माणूस येण्याचाच इतिहास आहे.

१९९१मध्ये राहुल राम आला. बास गिटार वाजवणारा, भारदस्त आवाजाचा, मंचावर गप्पा मारणारा हा माणूस पर्यावरणीय विषशास्त्रात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. करून परतला होता आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. मराठी वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. त्या आंदोलनातली आपल्या बाजूची पहिली आघाडी म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८मध्ये वेगळा झाला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी हे अगदी तोंडावरचं गाव, म्हणून सत्याग्रहही तिथेच उभा राहिला. त्या खोऱ्यातल्या सभांत आणि पदयात्रांत नर्मदेची लोकगीतं गायली जात. राहुलने त्यातलं एक बँडमध्ये आणलं. तेच ‘मा रेवा’. आज कॉलेजच्या मैदानावर हजारो मुलं ते गाणं बँडबरोबर म्हणतात, त्यातल्या अनेकांना ते नदीकाठच्या सभांमधून आलंय हे ठाऊकही नसतं. राहुल आला नसता तर बँडला बास वाजवणारा दुसरा कोणी मिळालाही असता. ‘मा रेवा’ मिळालं नसतं.

पहिला अल्बम १९९३मध्ये एचएमव्हीने काढला. १९९४मध्ये ड्रमवर अमित किलम आला, तेव्हा तो बाकीच्यांहून बराच लहान होता. ड्रमवाला तबल्याशेजारी बसतो तेव्हा त्याची खरी परीक्षा असते ती न वाजवण्याची. तबल्याचे बोल जिथे दाट आहेत तिथे झांज आवरायची आणि तबला मोकळा झाला की ती जागा भरायची. अमितने हे जमवलं आणि शिवाय हातात गाबगुबी घेतली. बाउल गायकांचं हे वाद्य पाहण्यासारखं असतं. काखेत दाबून धरायचं छोटं ढोलकं, त्याच्या चामड्यातून ओवलेली तात आणि तातीच्या दुसऱ्या टोकाला मुठीत धरायची लहानशी वाटी. एका हाताने ताण कमी-जास्त करायचा, दुसऱ्या हाताने तात छेडायची. ताण बदलला की सूर वर चढतो, खाली घसरतो, हुंकारल्यासारखा होतो. पडदे नाहीत, खुंट्या नाहीत. सूर मुठीच्या जोरावर. रॉक बँडच्या मंचावर ते सुरू झालं की समोरची मुलं पहिल्यांदा माना उंचावून हे काय चाललंय ते बघतात.

या चौघांनी मिळून जे उभं केलं, त्याची यादी तशी लहान आहे. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत रंगकर्मी सफदर हाश्मीच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमात झालेलं ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ या नावाने आलं. २०००मध्ये ‘कंदीसा’, ज्याचं शीर्षकगीत ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन प्रार्थना आहे. २००३मध्ये ‘झीनी’, त्यात कबीर. मग अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’. १९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट खटला चालू असल्यामुळे न्यायालयात अडकला आणि पडद्यावर यायला २००७ उजाडलं. पीयूष मिश्राने लिहिलेलं ‘बंदे’ मात्र त्याआधीच लोकांच्या तोंडी बसलं होतं.

मग २००९चा शेवट आला. परदेशच्या दौऱ्यात असीमला हृदयविकाराचा झटका आला आणि डिसेंबरात तो गेला.

अशा वेळी बँडपुढे कोणते रस्ते असतात याची जगभर उदाहरणं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी वारला. त्यांनी लगेच ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आलंही. लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’नी ऑगस्ट १९६२मध्ये ड्रमवाला पीट बेस्टला काढून रिंगो स्टारला आणलं, तेव्हा तो गावातलाच एक बँड होता आणि गावातल्या पोरांना पीट आवडत होता. कॅव्हर्न क्लबमध्ये त्यांनी रिंगोविरुद्ध घोषणा दिल्या आणि त्या धुमश्चक्रीत जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. रिंगोने काय केलं? पुढची आठ वर्षं ठोका चुकू न देता वाजवलं.

मराठी माणसाला यासाठी लिव्हरपूलला जायची गरज नाही. आपल्या रंगभूमीवर ‘रिप्लेसमेंट’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, त्यानंतर ते दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी केले. प्रत्येकाची जातकुळी वेगळी आणि त्यावर तावातावाने वाद घालणारे प्रेक्षकही आपणच. पण नाटकाला संहिता असते. बेलवलकरांनी काय बोलायचं ते कुसुमाग्रजांनी लिहून ठेवलंय. बँडची संहिता मात्र वाजवणाऱ्यांच्या अंगात असते आणि ‘इंडियन ओशन’सारख्या बँडमध्ये, जिथे गाण्याच्या मधोमध मोकळं रान सोडून नजरेच्या खुणेवर पुन्हा एकत्र यायचं असतं, तिथे ती कागदावर उतरवणं जवळपास अशक्य.

म्हणून या बँडने दुसरा असीम शोधला नाही, हे मला त्यांचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं. शोधला असता तर नकला करणारा कोणीतरी मिळाला असता. त्यांनी कामाची वाटणी केली. शास्त्रीय संगीताची बैठक असलेला हिमांशू गायला आला. तुहीन तबला आणि इतर तालवाद्यं घेऊन आला. चौघांचा बँड पाचांचा झाला. दौऱ्यावर एक तिकीट जास्त आणि साउंडचेकला एक माणूस जास्त.

या वाटणीने संगीतात बदल झाला तो ऐकू येण्याजोगा. आधी गाणारा आणि ठेका धरणारा यांच्यात फट नव्हतीच. आता ती फट तयार झाली आणि ती सतत भरत राहणं हे दोघांचं काम झालं. हिमांशूने आलाप लांबवला तर तुहीनला त्याच्याकडे बघत राहावं लागतं. उलट तुहीनचे हात आता गळ्याच्या ओझ्यातून सुटले. ओळ चालू असतानाच तो तबल्यात जास्त खोलवर जाऊ शकतो. हिमांशूचेही हात मोकळे, म्हणून त्याच्या गाण्यात शास्त्रीय गायकाची ती हवेत सूर रेखणारी हालचाल आली. असीमच्या गाण्यात एक जमिनीवर बसलेला ठामपणा होता, तो गेला. त्याऐवजी गाणं वर उचलल्यासारखं झालं. काहींना हे रुचलं नाही आणि त्यांचं दुःख खरं आहे. ज्या आवाजाबरोबर आपण वयात आलो तो आवाज बदलून मिळत नाही.

जुन्या गाण्यांत या नव्यांनी शिरायचं कसं, हा प्रश्न नाजूक होता. ‘कंदीसा’ किंवा ‘झीनी’ लोकांच्या कानात पक्कं बसलेलं. एकही सूर हलवला की श्रोत्याला कळतं आणि जसाच्या तसा घेतला की गाणं मढवलेलं वाटतं. नव्या गायकाने चाल तशीच ठेवून हरकती आपल्या केल्या. जुनं ध्वनिमुद्रण आणि अलीकडच्या कार्यक्रमातलं तेच गाणं एकापाठोपाठ ऐकावं, म्हणजे हे लगेच लक्षात येतं.

२०१३मध्ये सुस्मित सेननेही बँड सोडला. पुढच्या वर्षी त्याचं ‘ओशन टू ओशन’ हे आत्मकथन प्रसिद्ध झालं. हा धक्का माझ्या मते सांगीतिकदृष्ट्या अधिक मोठा होता. सुस्मितची गिटार ऐकताना सरोद आठवायचा. एकेक सूर घोळवत, वाढवत नेण्याची ती रीत या बँडची सही होती. त्याच्या जागी आलेला निखिल राव इलेक्ट्रिक गिटारच्या रॉक-ब्लूज वळणाचा. इथे कामाची वाटणी करण्यासारखं काही नव्हतं. गिटार एकच, वाजवणारा एकच. म्हणून बँडचा पोतच बदलला आणि तो बदलू देणं हाच प्रामाणिक मार्ग होता.

२०१४च्या ‘तंदानू’ या अल्बममध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सात गाणी आणि प्रत्येक गाण्याला एक पाहुणा: शुभा मुद्गल, पं. विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन, व्ही. सेल्वागणेश, कुमरेश, विशाल ददलानी आणि मराठी आईवडिलांचा, न्यू यॉर्कमध्ये वाढलेला तबला-ड्रमवाला कर्ष काळे. पाचांतले तिघे नवे असताना प्रत्येक गाण्यात एक जण बाहेरचा आणल्यावर मग कोण जुना आणि कोण नवा, हा हिशोबच मागे पडतो. पुढच्या वर्षी ‘मसान’ हा चित्रपट आला. त्यातलं ‘तू किसी रेल सी’ बँडने संगीतबद्ध केलं, पण गायला बोलावलं इंदूरच्या मराठी घरातल्या स्वानंद किरकिरेला. स्वतःकडे तीन-तीन गळे असताना गाण्याला हवा तो आवाज बाहेरून आणायला या बँडला आता संकोच वाटत नाही.

त्यानंतरचा अल्बम यायला २०२३ साल लागलं. ‘तू है’ हे त्याचं नाव आणि निसर्ग हा त्याचा विषय. राहुल रामने नर्मदा आंदोलनाच्या दिवसांत जे पाहिलं त्याच्याशी याचं नातं जुळवायला फार कष्ट पडत नाहीत. त्यातलं एकही गाणं असीमने गायलेलं नाही आणि एकातही सुस्मितची गिटार नाही. हिमांशू आणि तुहीन यांना तोवर बँडमध्ये तेरा वर्षं होऊन गेली होती, निखिलला दहा. आज कॉलेजात असलेल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला ‘इंडियन ओशन’ हाच, पाच जणांचा.