घराच्या पायाला ओल लागू देऊ नका



मृगाचा पाऊस तोंडावर आला की आपण बांधबंदिस्ती करतो, कुळवाच्या पाळ्या उरकतो, बी-बियाणं घरात आणून ठेवतो. शेतातलं पाणी कुठून येतं नि कुठं जातं हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण राहत्या घराभोवतीच्या पाण्याची बांधबंदिस्ती मात्र राहून जाते. भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, कोठीतलं धान्य बुरसतं आणि एखाद्या झडीच्या रात्री भिंतच बसते. खाली माणसं नि जनावरं झोपलेली असतात. म्हणून हे काम लहान समजू नये.

पाणी काय करतं?

आपल्याकडे बऱ्याच गावांत घराखाली काळी जमीन आहे. ही जमीन पाणी प्याली की फुगते नि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. घराखालीही हाच खेळ चालतो. छपराचं पाणी एका कोपऱ्यात मुरलं की तेवढाच कोपरा फुगतो, घराच्या मधली माती कोरडीच राहते. पाया सगळीकडे सारखा उचलला जात नाही, म्हणून भिंतीला तिरकी तड जाते नि दाराची कवाडं अडकू लागतात.

जुनी घरं दगड-मातीची असतात. त्यांत दगडाला दगड धरून ठेवते ती मधली माती. ती भिजली की पकड सुटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा अशा जाड दगड-मातीच्या भिंती कोसळून फार माणसं दगावली. भूकंप रोज होत नाही. पाऊस मात्र दरसाल येतो आणि तीच पकड थोडी थोडी ढिली करतो.

छपरावर किती पाणी पडतं?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. आपलं छप्पर ५० चौरस मीटरचं असेल आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २,५०० लिटर पाणी खाली येतं. म्हणजे २०० लिटरची साडेबारा पिंपं! वळचणीला पन्हाळ नसेल तर हे सगळं पाणी पागोळ्यांनी भिंतीच्या बुडाशीच पडतं.

पहिल्या वळवाला पाहणी करा

पाऊस उघडला की घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठं तुंबलं, पागोळ्यांनी कुठं खड्डे पाडले, शेजारच्या चढावरून लोंढा कुठून आला, ते पाहून तिथं खुंट्या ठोका. भिंतीलगत घुशीची बिळं असतील तर तीही पाहा. त्यांतून पाणी थेट पायाखाली जातं. ही बिळं बारीक दगड नि मुरूम घालून पक्की ठोकून बुजवावीत.

काम असं करा

१) अंगणाला उतार द्या. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा. पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघता येते. भर चिकण मुरमाची घाला. काळी माती किंवा नुसती वाळू नको. सहा-सहा इंचांचा थर पसरा, पाणी शिंपडा नि धुमसाने चोपा. मात्र भर घालताना जोतं बुजवू नका. जोतं जमिनीच्या वर किमान एक-दीड फूट मोकळं दिसलं पाहिजे.

२) छपराचं पाणी दूर न्या. पत्र्याची किंवा पीव्हीसीची पन्हाळ लावा आणि तिचं पाणी नळाने चरात सोडा. पन्हाळ जमत नसेल तर पागोळ्या पडतात तिथं फरशी किंवा दगड बसवून सांधे सिमेंटने भरा. हा पट्टा तीन फूट रुंद नि बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतरता असावा.

३) पट्ट्यापलीकडे चर काढा. एक फूट रुंदीचा उथळ चर पुरतो. दर दहा फुटांना सव्वा इंच उतार ठेवला की पाणी वाहतं. चर भिंतीला खेटून किंवा पायापेक्षा खोल खणू नये, आणि भर पावसात तर मुळीच खणू नये, भिंत सरकते.

४) न्हाणी-मोरीचं पाणी पावसाळ्यापुरतं नसतं, ते बारा महिने मुरतं. ते नळाने परसात न्यावं नि केळी, अळू, कर्दळीला द्यावं. मुरमाड जागा असेल तर चार फूट लांब, रुंद नि खोल शोषखड्डा करता येतो. तो घरापासून वीस फूट नि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पन्नास फूट तरी दूर असावा. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून तिथं परसबागच बरी. उकिरडा नि गोठ्याचं मूत्रही भिंतीशी साचू देऊ नका.

काही शंका

“ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर?” पाणी न तोडता गिलावा केला की ओल आत कोंडते, वर चढते नि गिलावा पोपड्यांनी गळतो. दगड-मातीच्या भिंतीचं तर आतून नुकसान होतं. आधी पाणी तोडा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, मगच डागडुजी करा.

“सिमेंटचा रस्ता झाला नि अंगण खाली गेलं, काय करावं?” ही तक्रार आता गावोगाव आहे. रस्त्यावर रस्ता चढतो नि घरं खड्ड्यात जातात. काम सुरू होण्याआधीच ग्रामसभेत विषय मांडा. जुना थर काढून रस्ता पहिल्या पातळीला करावा नि दोन्ही बाजूंना गटार हवं, असा ठराव लिहून घ्या. काम झाल्यावर भांडून उपयोग नसतो.

आपलं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवरही सोडू नका. पागोळीच्या पाण्यावरून भाऊबंदकीचे तंटे होतात. दोघांनी मिळून एकच चर काढला तर खर्चही निम्मा होतो.

धोक्याच्या खुणा

भिंतीला पोट सुटणं, तड बोटभर रुंद होणं, कोपरा सुटणं, आढ्यातून माती गळणं यांतलं काहीही दिसलं तर त्या खोलीत झोपू नका, जनावरंही बाहेर बांधा. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर त्याला हात लावू नका. मुख्य बटण कोरड्या जागेत असेल तरच बंद करा, नाहीतर वायरमनला बोलवा. भिंत पाहायला जाणकार गवंडी किंवा इंजिनिअर आणा.

चर काढायला नि मुरूम चोपायला घरच्या चार माणसांना दोन-तीन दिवस पुरतात. रोहिणी नक्षत्रातच हे उरका, आणि पावसाळाभर दर आठवड्याला चरातला गाळ-पालापाचोळा काढत जा.