दिल्ली छावणीतली जहाजं

दिल्लीला समुद्र नाही. तरीही नौदलाच्या लढाऊ जहाजांचे आराखडे काढणारा वॉरशिप डिझाइन ब्युरो दिल्लीतच आहे, आणि दर जानेवारीत दिल्ली छावणीच्या करिअप्पा परेड ग्राउंडवर हातभर-दोन हात लांबीच्या जहाजांचा ताफाही दाखल होतो.

निमित्त असतं एनसीसीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराचं. सतरा संचालनालयांचे दोन हजारांहून अधिक कॅडेट इथे जमतात. संचलनाची तालीम सगळ्या देशाला दिसते. नेव्हल विंगची मॉडेल्स पाहायला मात्र वाट वाकडी करावी लागते. १९५२ साली सुरू झालेल्या या शाखेत शिप मॉडेलिंग रीतसर शिकवलं जातं. पुणे, रत्नागिरीसारख्या ठिकाणच्या युनिटमधली मुलं तयार डब्यातले भाग जोडत नाहीत, कोऱ्या लाकडापासून जहाज उभं करतात. पाहणाऱ्याची नजर तोफा, रडार, हेलिकॉप्टरवर खिळते. मुलांचा खरा कस लागलेला असतो तो त्याखालच्या हलमध्ये, म्हणजे जहाजाच्या धडात.

सुरुवात कागदावर होते. जहाजाचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतले, की प्रत्येक ठिकाणचा आकार मिळतो. डावी-उजवी बाजू सारखीच असल्यामुळे प्रत्येक छेदाची अर्धी रेघ पुरते. म्हणून बॉडी प्लॅनमध्ये मधल्या उभ्या रेषेच्या उजवीकडे पुढचे छेद आणि डावीकडे मागचे, असे एकाच चित्रात मावतात. हे आकार प्लायवुडवर उतरवून कापायचे आणि कण्यावर काटकोनात बसवायचे. एक जरी फासळी तिरकी बसली तरी पुढची सगळी मेहनत वाकडी जाते.

मग येतात पट्ट्या. जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लहान, त्यामुळे सरळ पट्टी तिथे बसतच नाही. प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते, पाण्यात भिजवून वाकवावी लागते. आणि एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकच बाजू आधी पूर्ण केली, तर पट्ट्यांच्या ताणानं कणाच पीळ खातो. नाळेच्या टोकाशी वळण फारच तीव्र असतं. तिथे बाल्साचा ठोकळा चिकटवून तासणं शहाणपणाचं. त्यानंतर लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. या कंटाळवाण्या दिवसांतच बोटांना खाचखळगे कळू लागतात. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा तळहाताला लागतो.

पाण्यावर चालणारं मॉडेल असेल, तर हिशेब आणखी कडक. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, डिसेंबर २०२२ मध्ये नौदलात आलेली आयएनएस मोर्मुगाव घ्या: लांबी १६३ मीटर, रुंदी १७ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. शंभरपट लहान केली, तर लांबी १ मीटर ६३ सेंटिमीटर आणि रुंदी १७ सेंटिमीटर होते. वजन मात्र लांबी, रुंदी, खोली अशा तिन्ही अंगांनी घटतं, म्हणजे दहा लाखपट, आणि उरतं जेमतेम ७.४ किलो. लाकूड, मोटर, बॅटरी, रंग सगळं त्यातच बसवायचं. वरचा मनोरा हौसेनं जड केला, की मॉडेल कलंडतं. हल हलका निघाला, तर तळाशी शिसं ठेवून ते आखलेल्या पाणरेषेपर्यंत आणता येतं. आधीच जड झालेल्या हलला असा उपाय नाही.

वेगाचं गणित निराळं. विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये टॉर्की इथे १८७२ च्या सुमारास टाकी बांधून मेणाची मॉडेल्स ओढली आणि दाखवून दिलं, की लांबी शंभरपट कमी केली तर वेग दहापट कमी ठेवावा. तरच लाटा खऱ्या जहाजासारख्या उठतात. तीस नॉटचं जहाज तीन नॉटनं चालवायचं. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेतली पाचशे मीटर लांब टाकी आजही याच नियमावर चालते. म्हणजे कॅडेटनं घासलेला हल आणि शास्त्रज्ञांनी टाकीत ओढलेला हल यांचं गोत्र एकच.

शिबिरात मॉडेल स्टँडवर चढतं, रंगानं झळकतं, आणि फासळ्या-पट्ट्यांचं सगळं काम आत गडप होतं. सतराव्या शतकातले इंग्रज कारागीर आरमारी मॉडेलचा खालचा भाग पट्ट्यांविना उघडा ठेवत, फासळी अन् फासळी दिसे. छावणीतही प्रत्येक संघाच्या पूर्ण जहाजाशेजारी असा एक अर्धा उघडा हल मांडायला हवा. पाहुण्यांना वाकून आत बघता येईल, आणि ती पट्टी कशी वळवली हे सांगायला तो करणारा कॅडेट शेजारीच उभा असेल.